ॲमी जॉन्सनचं दुसरं लायसन्स

१३ मे १९३०. रंगूनवर मान्सूनपूर्व पावसाने आभाळ भरून आलेलं. कलकत्त्याहून निघालेलं एक गडद हिरवं, दोन मजली पंखांचं छोटं विमान पावसात रंगूनचा रेसकोर्स शोधत होतं. खाली मोकळं मैदान दिसलं, वैमानिक तिथे उतरली. पण तो रेसकोर्स नव्हता. शहरालगतच्या इन्सेन इथल्या तंत्रशाळेचं ते खेळाचं मैदान होतं आणि लांबीला अपुरं होतं. विमान घसरत गेलं आणि चरात नाक खुपसून थांबलं. प्रॉपेलर मोडला, चाकांचा आधार वाकला, खालच्या पंखाचा सांगाडा आणि त्यावरचं कापड फाटलं.

ही वैमानिक म्हणजे ॲमी जॉन्सन, इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी उडत निघालेली. तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण लंडनजवळच्या क्रॉयडनहून सुरुवात करतात आणि ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या गर्दीपाशी थांबतात. मला तिची गोष्ट इन्सेनच्या चरापासून सांगाविशी वाटते, कारण पुढच्या तीन दिवसांत तिथे जे झालं त्यात तिचं खरं कसब दिसतं. विमान मोडलं, पण ते मोडलं होतं योगायोगाने सुतार, लोहार आणि यंत्रं असलेल्या शाळेच्या दारात. आणि ते दुरुस्त करताना काय मागायचं, कोणाला काय करायला सांगायचं, कुठल्या फळीवर भरवसा ठेवायचा आणि कुठली काढून टाकायची, हे तिला कळत होतं.

तिचं विमान जिप्सी मॉथ जातीचं. त्याचा पंख म्हणजे स्प्रूस लाकडाच्या दोन लांब तुळया, त्यांवर ओळीने बसवलेल्या हलक्या लाकडी फासळ्या आणि सगळ्यावर ताणलेलं लिननचं कापड. फासळी दिसायला अगदी नाजूक असते, पण पंखाचा बाक तिच्यावर ठरतो. एक फासळी चुकीच्या बाकाची बसली तर त्या जागी हवेचा प्रवाह बिघडतो आणि विमान एका अंगाला ओढू लागतं. म्हणून मोडलेल्या फासळीच्या शेजारची शाबूत फासळी नमुना म्हणून समोर ठेवायची, तिच्यावरून नवी कापायची, सरसाने आणि बारीक खिळ्यांनी जोडायची आणि सरस पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. पावसाळी हवेत सरस वाळायला लागणारा वेळ हीच मोठी अडचण असते.

मग कापड. विमानाचं लिनन रंगूनच्या बाजारात कुठून मिळणार? ते मिळालं शर्टांच्या रूपात. पहिल्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेलं विमानाचं कापड विकलं गेलं होतं आणि त्याचे शर्ट शिवले गेले होते. ते शर्ट उसवून जेसनच्या पंखाला लावले. जेसन हे तिच्या विमानाचं नाव, वडिलांच्या मासळीच्या व्यापाराच्या छापावरून घेतलेलं.

कापड नुसतं ताणून शिवलं की भागत नाही. त्यावर डोप नावाचं द्रावण ब्रशने चढवावं लागतं. सेल्युलोजचं हे द्रावण वाळताना आक्रसतं आणि कापड ढोलकीच्या पानासारखं ताठ होतं. ठिगळ लावायची पद्धतही ठरलेली आहे. फाटलेल्या कडा आधी मेण लावलेल्या दोऱ्याने एकमेकींना शिवायच्या, मग जुना डोप खरवडून जागा स्वच्छ करायची आणि ठिगळाच्या चारही कडांचे धागे बोटभर उसवायचे, म्हणजे कड चिकटून बसते आणि वाऱ्याला पकडायला धार उरत नाही. दमट हवेत डोपचा एक खास त्रास होतो. त्यातला द्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड पडतो, हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि डोप पांढरट, भुसभुशीत होतो. असा डोप कापडाला ताण देत नाही. तो पुसून पुन्हा लावावा लागतो. इन्सेनमध्ये डोपही तयार मिळाला नाही, तो स्थानिक रसायनतज्ज्ञाकडून बनवून घेतला गेला, आणि तोही मे महिन्यातल्या ब्रह्मदेशच्या हवेत.

प्रॉपेलर मात्र तिने बरोबर आणला होता. एक जादा लाकडी प्रॉपेलर विमानाच्या अंगाला बांधून ती इंग्लंडहून निघाली होती. वजन वाढतं, हवेचा अडथळा वाढतो, म्हणून बरेच जण हे टाळतील. तिने टाळलं नाही. लाकडी प्रॉपेलर बसवताना बोल्ट एकदम घट्ट करायचे नसतात. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे, मग जमिनीत एक काठी रोवून प्रॉपेलरचं एक टोक तिच्याशी आणायचं, फिरवून दुसरं टोक आणायचं, दोन्ही टोकं काठीपासून सारख्या अंतरावर जातात का ते पाहायचं. फरक असेल तर इंजिन थरथरतं आणि ती थरथर तासन्‌तास चालली की तेलाच्या आणि पेट्रोलच्या नळ्यांना तडे जातात. पहिल्यांदा इंजिन चालवून थांबवल्यावर बोल्ट पुन्हा तपासायचे, कारण लाकूड दबतं.

तीन दिवसांत हे सगळं उरकून १६ मेला ती बँकॉककडे निघाली.

ती हे शिकली कुठे? तिचा जन्म १ जुलै १९०३ चा, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल बंदरातला. शेफील्ड विद्यापीठात अर्थशास्त्राची पदवी घेतली, लंडनमध्ये वकिलांच्या कचेरीत सेक्रेटरीची नोकरी धरली आणि १९२८ मध्ये स्टॅग लेन विमानतळावरच्या लंडन एअरोप्लेन क्लबात नाव घातलं. उडायला ती चटकन शिकली नाही. एकटीने उडण्याआधी तिला शिक्षकाबरोबर जवळपास सोळा तास घालवावे लागले, जेव्हा बरेच विद्यार्थी आठ-दहा तासांत मोकळे होत. उतरताना तिचं विमान आपटत असे. शिक्षकांपैकी एक होते कॅप्टन व्हॅलेंटाइन बेकर, ज्यांचं नाव पुढे मार्टिन-बेकर कंपनीत आलं. आजच्या लढाऊ विमानांतल्या इजेक्शन सीटवर ते नाव असतं.

पण त्याच क्लबच्या हँगरमध्ये जॅक हम्फ्रीज नावाचे मुख्य इंजिनिअर होते. ॲमी सकाळी कचेरीच्या आधी तिथे पोहोचायची आणि संध्याकाळी परत यायची. हँगरमध्ये तिला 'जॉनी' म्हणत. डगला चढवून इंजिनं उघडणं, झडपा घासून बसवणं, प्लग साफ करणं, ग्रीसमध्ये हात घालणं, हे सगळं तिने कामगारांच्या बरोबरीने केलं. १९२९ च्या जुलैत तिला वैमानिकाचं 'ए' लायसन्स मिळालं. आणि त्याच वर्षाच्या शेवटी ग्राउंड इंजिनिअरचं 'सी' लायसन्स मिळालं, जे ब्रिटनमध्ये तोवर कुठल्याच बाईकडे नव्हतं. या लायसन्सचा अर्थ असा, की उड्डाणाआधी इंजिन तपासून 'हे उडायला योग्य आहे' अशी सही करण्याचा अधिकार तिला होता. वैमानिक म्हणून ती अजून कच्ची होती. डार्विनला निघाली तेव्हा तिच्या नावावर शंभर तासांचं उड्डाणही नव्हतं. लंडन ते हल हा तिचा तोवरचा सगळ्यात लांबचा प्रवास.

विमान जुनंच घेतलं, ६०० पौंडांना. वडील आणि तेलाच्या धंद्यातले लॉर्ड वेकफील्ड यांनी पैसे घातले आणि वाटेवरच्या पेट्रोल-तेलाची सोयही वेकफील्ड यांनी केली. जिप्सी इंजिन चार सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, शंभर अश्वशक्तीच्या आसपासचं. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे आठ, आणि त्यांना ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो. एक बंद पडला तर दुसऱ्यावर विमान उडत राहतं, फक्त फेरे थोडे कमी होतात. पुढच्या बैठकीच्या जागी जादा टाकी बसवलेली. वरच्या पंखात मूळ टाकी, तिथून पेट्रोल उताराने इंजिनात येतं. जादा टाकीतलं पेट्रोल मात्र हातपंपाने वर चढवावं लागतं, दर थोड्या वेळाने, एका हाताने दांडा सांभाळत. पंपाच्या सांध्यातून पेट्रोल झिरपलं की बैठकीत वाफ कोंडते. त्या वासाने ॲमीला वाटेत वारंवार मळमळायचं. रेडिओ नाही. चाकांना ब्रेक नाही, शेपटाखाली चाकाऐवजी लाकडी टेकू. ५ मेला क्रॉयडनहून निघताना पेट्रोलच्या वजनाने विमान पहिल्या धावेत उचललंच नाही. तिने ते थांबवलं, मागे नेलं आणि दुसऱ्या धावेत हवेत घेतलं.

पहिला मुक्काम व्हिएन्ना, मग कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो, बगदाद. रोजची चाकोरी अशी, की दहा-बारा तास उघड्या बैठकीत वारा खाऊन उतरायचं आणि मग कामाला लागायचं. इंजिन गरम असतानाच ऑइल काढायचं, कारण थंड झालं की गाळ तळाशी चिकटून राहतो. ऑइलची जाळी धुवायची आणि जाळीत धातूचा चुरा दिसतो का पाहायचं. तो दिसला तर आतलं बेअरिंग झिजतंय. प्लग काढून काजळी खरवडायची, फट मोजायची. झडपा उघडणाऱ्या टॅपेटमधलं अंतर फीलर गेजने, म्हणजे फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, पाहायचं. अंतर कमी राहिलं तर गरम इंजिनात झडप पूर्ण मिटत नाही आणि जळते, जास्त राहिलं तर झडप पुरती उघडत नाही आणि ताकद घटते. या इंजिनाची झडपा दाबणाऱ्या रॉकरची यंत्रणा उघड्यावर असायची, म्हणून वाळवंटाची धूळ थेट ग्रीसमध्ये जायची. जुनं ग्रीस पुसून नवं भरायचं.

पेट्रोल डब्यांतून यायचं. आपल्याकडे रॉकेलचे असत तसले सुमारे अठरा लिटरचे डबे, आणि लांबच्या टप्प्याला असे पंधराएक डबे ओतावे लागत. प्रत्येक डबा शॅमॉय चामड्यातून गाळायचा. पेट्रोलने आधी भिजवलेलं हे चामडं पेट्रोल सोडतं आणि पाणी अडवतं. डब्याच्या तळाला वाटीभर जरी पाणी असलं आणि ते टाकीत गेलं तरी ते पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं, कार्ब्युरेटरच्या बारीक जेटपाशी पोहोचतं आणि इंजिन हवेत बंद पडतं. जिथे मेकॅनिक भेटले तिथे तिने मदत घेतली, नाहीतर स्वतः केलं. झोप अनेकदा तीन तासांची. मी तर म्हणेन, हा प्रवास रोज संध्याकाळी जमिनीवर जिंकला गेला.

अलेप्पोच्या वाटेवर टॉरस पर्वत आडवा आला. भरलेल्या मॉथला ढगांवर चढवणं जमेना, इंजिन गुरगुरू लागलं, म्हणून खाली येऊन तिने खिंडीतून वाट काढली. बगदादजवळ वाळूच्या वादळात विमान जमिनीकडे खेचलं गेलं आणि वाळवंटातच टेकलं. तिथे तिने जे केलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. विमानाचं तोंड वाऱ्याकडे केलं, चाकांना सामान आणि हत्यारांची पेटी अडकवली, इंजिनात वाळू जाऊ नये म्हणून झाकलं आणि वादळ ओसरेपर्यंत शेपटीवर वजन देऊन बसून राहिली, हातात पिस्तूल घेऊन. इतक्या हलक्या विमानाला वारा मागून किंवा बाजूने लागला तर पंखाखाली शिरून ते उलटं करतो. तोंडावर वारा घेतला आणि शेपूट दाबून धरली तर ते जागेवर राहतं.

१० मेला ती कराचीला पोहोचली. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हिंकलरला १९२८ मध्ये इंग्लंडहून भारतात यायला आठ दिवस लागले होते, तिला सहा लागले. तोपर्यंत वर्तमानपत्रांना तिच्यात फारसा रस नव्हता. कराचीनंतर एकदम जाग आली.

त्याच मे महिन्यात, त्याच जातीच्या विमानांतून, इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्या दरम्यान, कुठल्याही दिशेने, एकट्याने उडणाऱ्या पहिल्या हिंदी माणसासाठी आगा खान यांनी ठेवलेलं बक्षीस मिळवायला तरुण निघाले होते. मुंबईचे जेआरडी टाटा कराचीहून लंडनकडे, अस्पी इंजिनिअर लंडनहून कराचीकडे. इजिप्तमधल्या अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी प्लगांवाचून अडकले होते. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग दिले, आणि बक्षीस अस्पींनी जिंकलं. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. हा प्रसंग नेहमी जेआरडींच्या दिलदारपणासाठी सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. पण त्यातून हेही दिसतं की त्या काळातली खंडापार उड्डाणं मूठभर प्लगांवर अडत होती आणि सुटत होती.

कराचीहून ॲमीला एका दमात अलाहाबाद गाठायचं होतं. सरळ रेषेत सुमारे १५०० किलोमीटर. मॉथ ताशी १३० किलोमीटरने चालली तर साडेअकरा तास. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा लागला तर तेरा तास. मॉथ तासाला साधारण वीस लिटर पेट्रोल पिते, म्हणजे नुसत्या झुळकीने तीसेक लिटरचा फरक पडतो. शिवाय आडवा वारा असेल तर रेषेवरून ढळलेलं विमान परत आणण्यात आणखी वेळ जातो. आणि खाली मे महिन्यातली तापलेली जमीन, वर उसळणारी हवा. पेट्रोल संपत आलं तेव्हा ती झाशीवर होती. मराठी माणसाच्या मनात झाशीला एका बाईची जागा आधीच आहे. ही दुसरी तिथे उतरली ती पलटणीच्या कवायतीच्या मैदानावर. ब्रेक नसलेलं विमान झाडं चुकवत गेलं आणि बराकींपाशी अडकून थांबलं. पंखाला मार बसला. तो रातोरात नीट करून दुसऱ्या दिवशी अलाहाबाद आणि तिथून कलकत्ता.

इथे तिच्या उतरण्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. झाशी, इन्सेन, मग जावातलं त्जोमल, आणि शेवटी ब्रिस्बेन. ती वारंवार उतरतानाच अडचणीत आली. काही दोष तिचा होता. पण मॉथ उतरवताना नाक वर असतं, वैमानिक मागच्या बैठकीत असतो, त्यामुळे समोरचं मैदान त्याला दिसतच नाही. डोकं बाहेर काढून बाजूने अंदाज घ्यावा लागतो. पंखांना फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली झुकवायच्या फळ्या, नाहीत, म्हणून उंची उतरवायला विमान तिरकं घसरवावं लागतं. जमिनीला लागल्यावर थांबवणारं काय, तर शेपटाखालचा टेकू आणि गवत. गवत ओलं असेल तर तेही नाही. त्यात दहा-बारा तासांच्या गोंगाटाने बधिर झालेलं डोकं. त्जोमलला ती साखर कारखान्याच्या आवारात उतरली तेव्हा बांधकामासाठी रोवलेल्या बांबूच्या खुंट्यांनी खालच्या पंखाचं कापड फाडलं. तिथे डोप नाही, लिनन नाही. भोकांवर तिने औषधपेटीतल्या चिकटपट्ट्या लावल्या आणि सुराबायाला गेली. हे अडाणी धाडस नव्हतं. फासळ्या आणि तुळया शाबूत असतील तर छोट्या भोकांचा धोका एवढाच, की वारा आत शिरून कापड फाडत नेतो. कड दाबून धरली की एक टप्पा निभतो. कुठलं नुकसान पट्टीवर भागतं आणि कुठल्याला तीन दिवस द्यावे लागतात, हा भेद ओळखणं हाच मेकॅनिकचा धंदा.

तिमोरमध्ये आताम्बुआचं मैदान सापडलं नाही म्हणून ती हालिलुलिक गावाजवळ वारुळं असलेल्या माळावर उतरली आणि जगाला एक दिवस तिचा पत्ता लागला नाही. २४ मेला शेवटचा टप्पा, आठशे किलोमीटरचा समुद्र. मध्यावर फोरस नावाचं तेलवाहू जहाज दिसलं, तिने खाली येऊन हात हलवला, जहाजाने बिनतारी निरोप डार्विनला धाडला. दुपारी ती डार्विनला उतरली. साडेएकोणीस दिवस, सुमारे १७,७०० किलोमीटर. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी उडत आलेली पहिली बाई. याच वाटेवरचा हिंकलरचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम मात्र राहिला. इन्सेनचे तीन दिवस गेले नसते तर तो मोडता आला असता का, याची आकडेमोड मी करून पाहिली आहे, आणि तेव्हाही तो सुमारे एका दिवसाने हुकला असता. पाच दिवसांनी ब्रिस्बेनला उतरताना विमान उलटलं. ती सुखरूप सुटली. जेसन आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

पुढची वर्षं भराभर गेली. १९३१ मध्ये जॅक हम्फ्रीजना सोबत घेऊन एका दिवसात मॉस्को आणि तिथून टोकियो. १९३२ मध्ये वैमानिक जिम मॉलिसनशी लग्न, त्याच वर्षी लंडन ते केपटाउनचा विक्रम. १९३५ ते १९३७ वुमेन्स इंजिनिअरिंग सोसायटीचं अध्यक्षपद. १९३८ मध्ये घटस्फोट. युद्धात ती एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीत गेली आणि कारखान्यांतली विमानं तळांवर पोहोचवू लागली. ५ जानेवारी १९४१ ला ढगाळ हवेत ऑक्सफर्डजवळच्या तळाकडे निघालेलं तिचं विमान वाट चुकून थेम्सच्या मुखाशी आलं. ती पॅराशूटने गारठलेल्या पाण्यात उतरली आणि वाचली नाही, तिला वाचवायला उडी घेणारे नौदल अधिकारी वॉल्टर फ्लेचर हेही गेले. तिचा देह सापडला नाही. ती ३७ वर्षांची होती.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खंत वाटते ती १९३४ च्या इंग्लंड-मेलबर्न शर्यतीची. ॲमी आणि जिम 'ब्लॅक मॅजिक' नावाच्या काळ्या कॉमेट विमानात होते. ते बगदादला न थांबता पोहोचले, कराचीपर्यंत आघाडीवर राहिले. मग अलाहाबादच्या वाटेवर भरकटले आणि जबलपूरला उतरले. तिथे विमानाचं पेट्रोल नव्हतं. स्थानिक बस कंपनीकडचं मोटारीचं पेट्रोल भरलं. कॉमेटची जिप्सी सिक्स इंजिनं शर्यतीसाठी वाढीव दाबाची केलेली होती. अशा इंजिनात हलक्या दर्जाचं पेट्रोल ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता दाबाने आपोआप पेटतं. सिलिंडरमध्ये हातोडे बसल्यासारखे ठोके बसतात, उष्णता पिस्टनच्या माथ्यात साठते आणि पिस्टन जळतो. थ्रॉटल कमी ठेवून, मिश्रणात पेट्रोल वाढवून हे काही काळ टाळता येतं, फार वेळ नाही. इंजिन जळलं, अलाहाबादला शर्यत सोडावी लागली. चार वर्षांपूर्वी याच वाटेवर तिच्या साध्या जिप्सीने डब्यातलं, गाळून घेतलेलं पेट्रोल निमूट पचवलं होतं. कॉमेटच्या इंजिनाला ते चालत नव्हतं, आणि जबलपुरात दुसरं काही मिळत नव्हतं.